कायद्याने चालणारे दुष्ट राज्य

दिवाळीच्या सुट्टीत आमच्या वाटूरच्या घरी भावंडांचा मेळा जमला, की दुपारी माजघरात पत्त्यांचा डाव पडावयाचा, हा वर्षानुवर्षांचा शिरस्ता. यंदा मात्र पत्त्यांच्या जागी एक जाड वही, मूठभर बहुकोनी फासे आणि हाताने काढलेला एका काल्पनिक राज्याचा नकाशा पसरलेला दिसला. चौकशी करता कळले, की हा पात्रे वाटून घेऊन, बसल्या जागी कथा रचीत खेळावयाचा खेळ. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या जोडीने ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या नावाने तो प्रसिद्ध केला. त्यात पात्रांची वृत्ती दोन मापांनी मोजतात. एक माप सुष्ट-दुष्टाचे, दुसरे नियम आणि बेबंदपणाचे. नियमाने चालणारे, पण दुष्ट असे राज्य रचण्याची कामगिरी आमच्या धाकट्या पुतण्याच्या वाट्यास आली होती. त्याने काळा किल्ला, कवट्यांचे सिंहासन आणि रोज संध्याकाळी कोणास तरी सुळावर चढविणारा राजा असा सरंजाम मांडून ठेविला होता.

“काका, कसे झाले आहे?” त्याने विचारले.

“अरे, ही तर बेबंदशाही झाली,” आम्ही म्हणालो. “राजाच्या लहरीवर मुंडके उडते, तेथे कायदा राहिला कोठे? तुला हवे आहे त्या राज्यात कचेरी वेळेवर उघडते आणि अर्जाची पोच मिळते.”

“मग त्यात दुष्टपणा तो काय?”

या प्रश्नाच्या उत्तरासाठी वाटूरच्या वेशीबाहेर जाण्याचे कारण नव्हते. जालना जिल्हा झाला १९८१ साली. त्यापूर्वी हा परतूर तालुका परभणी जिल्ह्यात होता, आणि १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा सारा मुलूख निजामाच्या राज्यात होता. त्या राज्यात १९२९ साली ‘गश्ती निशाण ५३’ म्हणून प्रसिद्ध असलेला हुकूम निघाला. सभा भरवावयाची तर आधी सरकारची परवानगी काढा, एवढेच त्याचे सार. परवानगी मागावी, उत्तराची वाट पाहावी, आणि तोवर सभेचा दिवस टळून जावा! १९३८ साली तर हैदराबाद स्टेट काँग्रेसवर, ती रीतसर स्थापन होण्याच्या आधीच, बंदी आली. जन्मापूर्वीच मृत्यूचा दाखला देणारी ही कचेरी कल्पनेतील नव्हे. शिवाय बहुसंख्य प्रजा तेलुगू, मराठी आणि कानडी बोलणारी, आणि दरबाराचे व न्यायालयाचे कामकाज उर्दूत. आपल्यावरील हुकूम ज्याला वाचता येत नाही, त्याला तो मोडल्याबद्दल शिक्षा मात्र होऊ शकते. पुतण्याने हे कलम वहीत तत्परतेने टिपून घेतले.

निजामाचेच कशाला, ब्रिटिश मुलखात याहून नमुनेदार कायदा होता. १८७१ चा गुन्हेगार जमातींचा कायदा असे सांगे, की सरकारने एखादी जमात गुन्हेगार म्हणून जाहीर केली, की ती तशी ठरली. त्या जाहीरनाम्याच्या योग्यायोग्यतेची शंका कोणत्याही न्यायालयाने घ्यावयाची नाही. मग नावे नोंदवावयाची, हजेरी द्यावयाची, ठरलेली हद्द ओलांडण्यासाठी पास काढावयाचा. १९११ साली कायदा साऱ्या ब्रिटिश हिंदुस्थानास लागू झाला आणि मुलांना आईबापांपासून वेगळे काढण्याचीही त्यात तरतूद होती. पारधी, कैकाडी, मांग-गारुडी अशा कित्येक जमाती त्यात अडकल्या. सोलापुरास तारेच्या कुंपणाआड त्यांची वसाहत होती. दिवसा गिरणीत काम, रात्री कुंपणात मुक्काम. मूल जन्मले ते गुन्हेगार म्हणूनच जन्मले. यात कोणी कोणावर लहरीने तलवार उपसलेली नाही. उलट, ‘सुधारणा’ हाच शब्द साऱ्यांच्या तोंडी होता. हा कायदा १९५२ साली रद्द झाला. पण १९५९ साली मुंबई राज्यात सराईत गुन्हेगारांचा कायदा आला, आणि पोलिसांच्या नजरेतील जुना शिक्का पुष्कळांच्या कपाळी तसाच राहिला. लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’ १९८७ साली आले, तोपर्यंत आमच्यासारख्या घरांतून या गोष्टीची चर्चा फारशी होतच नसे, हे कबूल केले पाहिजे.

एवढ्यावर थांबलो असतो तर मुलांची करमणूक झाली असती आणि आम्हांसही मोठेपणा मिळाला असता. पण माळ्यावरील आजोबांचे दप्तर आठवले. आजोबा गावचे पटवारी. त्यांच्या हातची एक वही आम्ही काही वर्षांपूर्वी पाहिली होती, ती खाली आणली. अंमलदाराचा दौरा आला, की सरपण कोणी आणावयाचे, वैरण कोणी टाकावयाची, ओझे पुढल्या गावापर्यंत कोणी वाहावयाचे, याच्या याद्या तीत आहेत. मजुरीचा रकाना नाही. ती वेठच होती. अक्षर मोत्यासारखे. आणि एकाच घरावर लागोपाठ पाळी येऊ नये, म्हणून प्रत्येक नावापुढे मागच्या पाळीची तारीख घातलेली! आजोबांनी कोणाची पै खाल्ली नाही, असे गाव अजून सांगते. ते खरेही आहे. त्यांनी वेठसुद्धा न्यायाने वाटली.

थोरली पुतणी बराच वेळ ती पाने चाळीत होती. मग म्हणाली, “काका, यात आपल्या आळीतले एकही नाव नाही.”

आम्ही ती वही लहानपणापासून किती वेळा हाताळली असेल, अक्षराचे कौतुक केले असेल; पण हे आमच्या लक्षात आले नव्हते.

“आजोबा दुष्ट होते का?” धाकट्याने विचारले. आमची आई देवघराच्या उंबऱ्याशी वाती वळीत बसली होती. ती म्हणाली, “दारी आलेला माणूस मामंजींनी कधी उपाशी परत पाठविला नाही.” थोडे थांबून तिनेच पुढे सांगितले, “वेठीचे लोक मागल्या दारी जेवत.”

त्यावर कोणी काही बोलले नाही. संध्याकाळपर्यंत मुलांनी कवट्यांचे सिंहासन खोडून टाकले होते. राजा आता वृद्ध, मृदुभाषी आणि पक्ष्यांचा शौकीन झाला होता. अडचण एकच उरली : कथेतील वीरांनी या राज्याशी लढावे कसे? राजास मारावे, तर दुसऱ्या दिवशी सकाळी कचेरी उघडणारच. तेव्हा राज्यात एक पटवारी असावा, अतिशय सज्जन, आणि याद्या त्याच्या हाती असाव्यात, असे ठरले. ते पात्र कोणी घ्यावयाचे, यावर दिवेलागणीपर्यंत वाद चालला होता.