सांघिक ऑनलाइन खेळांतील लक्ष्यखूण : टँक खेळाडूची भूमिका आणि संकेतव्यवस्था

बीजसंज्ञा : सांघिक खेळ, टँक, लक्ष्यखूण, संकेत, कबड्डी

प्रस्तावना :
वाशीमसारख्या जिल्ह्यात महाविद्यालयीन तरुणांच्या हाती मोबाइल आला आणि त्याबरोबर सांघिक ऑनलाइन खेळही आले. या खेळांविषयी अध्यापकवर्गात होणारी चर्चा बहुधा व्यसन, वेळेचा अपव्यय आणि हिंसा या मुद्द्यांभोवती फिरते. ते मुद्दे गैरलागू नाहीत. परंतु परस्परांना न पाहणारे चार-पाच खेळाडू क्षणार्धात एकत्र निर्णय कसा घेतात, हा प्रश्न त्यांत हरवतो. २०२५ च्या केंद्रीय कायद्याने पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली व ई-क्रीडेस मान्यता दिली. त्यानंतर तरी सर्व खेळ एकाच मापाने मोजणे योग्य ठरत नाही. प्रस्तुत लेखात त्यांतील एका लहानशा कृतीचा विचार केला आहे. ती म्हणजे 'टँक' खेळाडूने सहकाऱ्यांसाठी शत्रूवर केलेली खूण.

टँक व खुणेचा अधिकार :
२००४ साली आलेल्या 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' या खेळात पाच जणांच्या तुकडीत साधारणतः एक टँक, एक उपचारक आणि तीन प्रहारक असतात. जाड चिलखत घालून शत्रूचा रोख स्वतःवर ओढून घेणारा तो टँक. संगणकचलित शत्रू कोणावर धावून जाईल, हे लहरीवर अवलंबून नसते. प्रत्येक शत्रूच्या खाती प्रत्येक खेळाडूविषयीच्या रोषाची नोंद चालू असते. वार केला की रोष वाढतो, जखमी सहकाऱ्याला बरे केले तरी वाढतो; टँकच्या वाराने तो इतरांपेक्षा अधिक वाढावा, अशी योजना असते. टँकने अद्याप न हाताळलेल्या शत्रूवर प्रहारकाने घाईने वार केला, तर तो शत्रू वळून प्रहारकावरच येतो. कोणता शत्रू आपल्या पक्क्या ताब्यात आहे, हे टँक सर्वांत आधी जाणतो. म्हणूनच खूण करण्याचे काम प्रथेने त्याच्याकडे आले.

२००६ पासून या खेळात शत्रूच्या डोक्यावर ठेवण्यासाठी तारा, वर्तुळ, हिरा, त्रिकोण, चंद्र, चौकोन, फुली आणि कवटी अशी आठ चिन्हे उपलब्ध झाली. त्यांचे अर्थ मात्र निर्मात्यांनी ठरवले नाहीत, ते खेळाडूंनी ठरवले. कवटी म्हणजे प्रथम मारावयाचा, फुली म्हणजे त्यानंतरचा, आणि चंद्र म्हणजे जादूगाराने मेंढी करून बाजूला ठेवावयाचा. मेंढीला कोणाचा वार लागला की मंत्र सुटतो; त्यामुळे चंद्राची खूण 'याला हात लावू नका' असे सांगते. चिन्ह आणि अर्थ यांचा संबंध यादृच्छिक व समाजमान्य असतो, हे सोस्यूरचे प्रतिपादन भाषेच्या वर्गात शिकवताना याहून सुबोध उदाहरण सहसा सापडणार नाही.

खुणेमागील गणित :
चार शत्रू आहेत, प्रत्येकाची जीवनशक्ती १०० आहे आणि प्रत्येक जण सेकंदाला १० एकक हानी करतो, असे मानू. आपल्या तुकडीचा एकत्रित मारा सेकंदाला २० एकक आहे. मारा चौघांवर सारखा विभागला, तर चारही शत्रू विसाव्या सेकंदाला एकदमच पडतील आणि तोवर ८०० एकक हानी करतील. तोच मारा एकेकावर केंद्रित केला, तर दर पाच सेकंदांनी एक शत्रू कमी होईल. एकूण हानी २००, १५०, १०० आणि ५० मिळून ५०० एकक. वेळ दोन्ही प्रकारांत २० सेकंदच लागतो. वाचलेल्या ३०० एककांत उपचारकाचा जीव भांड्यात पडतो.

मैदानी साम्य :
विदर्भातील वाचकाला हे तत्त्व कबड्डीच्या मैदानावरून परिचित आहे. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी ज्या खेळाचे प्रात्यक्षिक दाखवले, तोच हा खेळ. चढाई करणाऱ्याचा घोटा कोपऱ्यातील बचावपटूने धरला की उरलेल्यांनी त्याच क्षणी झेप घ्यावी लागते. ती उशिरा पडली, तर चढाईपटू ओढत मध्यरेषा गाठतो आणि पकडणाऱ्यांचेच गुण जातात. टँकची कवटी आणि कोपऱ्यातील ही पहिली पकड यांचे कार्य एकच आहे. भेद इतकाच की कबड्डीत पकड हीच खूण असते, पडद्यावर खूण आधी करता येते.

पुढील रूपे :
२०२१ मध्ये भारतात सुरू झालेल्या 'बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया'त चौघांची तुकडी असते. टँक अशी ठरीव भूमिका तेथे नाही, ज्याला शत्रू प्रथम दिसेल तो खूण करतो. २०१९ च्या 'एपेक्स लेजंड्स'ने तर अनोळखी खेळाडूंना एक शब्दही न बोलता शत्रू, शस्त्र व वाट दाखवता येईल अशी सविस्तर खूणपद्धती आणली. कारंजा किंवा रिसोड येथील मराठी विद्यार्थी तमिळ वा तेलुगू सहकाऱ्याबरोबर खेळत असेल, तर भाषेची अडचण अशा खुणेमुळे बरीच दूर होते. मात्र खूण करण्याचा अधिकार सर्वांना मिळाला की खुणांची गर्दीही होते. एकाच वेळी चार दिशांना चार खुणा उमटल्या, तर मारा पुन्हा चौघांवर विभागला जातो. अनुभवी टँक म्हणूनच लढाईपूर्वी क्रम सांगतो, खुणा मोजक्या ठेवतो आणि कवटी पडल्यावरच फुलीकडे वळतो.