काटेवाडीचे रिंगण आणि मेंढपाळाचा भरवसा

संत तुकाराम महाराजांची पालखी बारामतीचा मुक्काम आटोपून इंदापूरच्या दिशेने निघाली, की वाटेत काटेवाडी लागते. येथे परीट समाज धोतरांच्या पायघड्या अंथरून पालखीचे स्वागत करतो आणि मेंढपाळ आपले कळप घेऊन येतात. पालखीच्या रथाभोवती मेंढ्या धावू लागतात आणि हरिनामाचा गजर टिपेला पोहोचतो. पुढे इंदापूर तालुक्यात बेलवाडीच्या रिंगणात अश्व धावतात. काटेवाडीत मात्र हा मान मेंढ्यांचा. कळपावर रोगराई येऊ नये, ही त्यामागील श्रद्धा.

शहरी वाचकाला हे केवळ कौतुकाचे दृश्य वाटते. छायाचित्रांनी ते तसेच करून ठेवले आहे. मेंढपाळाची मात्र सारी पुंजी त्या चार पायांवर उभी असते. पहिल्या पावसाचे कोवळे गवत मेंढ्या अधाशीपणे खातात आणि आंत्रविषारासारखा रोग धडधाकट जनावर काही तासांत आडवे करतो. चिखलाने खुरे सडतात. पालखी येते ती नेमकी याच दिवसांत. आंत्रविषारावर लस आहे, ती पावसाळ्यापूर्वी टोचून घ्यावीच लागते. रिंगण हा तिला पर्याय नव्हे. परंतु लस टोचल्यावरही कळपाशेजारी रात्र काढणाऱ्या माणसाच्या मनात जी धाकधूक उरते, ती कोणत्या औषधाने जावी? ती तो विठ्ठलाच्या वाटेवर आणून ठेवतो.

ज्यांच्या पादुकांभोवती हे कळप धावतात, त्या तुकोबांनी सर्वस्व गमावण्याचा अनुभव घेतला होता. १६३० च्या सुमाराच्या भीषण दुष्काळात पत्नी गेली, मुलगा गेला, व्यापार बसला. त्यानंतर सावकारीतील आपल्या वाट्याची खते त्यांनी इंद्रायणीत बुडविली, असे परंपरा सांगते. पुन्हा दुष्काळ पडला तर, या विचाराने दुसऱ्या कोणी ती अधिकच जपली असती.

श्रद्धावंताला भीती वाटतच नाही, असा एक समज आहे. बारामतीत आयुष्य घालविलेल्या मोरोपंतांची ‘केकावली’ तो खोडून काढते. केका म्हणजे मोराची हाक. मेघाला पाहून मोराने टाहो फोडावा, तसा हा देवाचा धावा आहे. एवढा मोठा पंडित कवी, पण आपली व्याकुळता झाकण्याचा प्रयत्न त्याने केला नाही. हाक ऐकणारा आहे, एवढी खात्री त्याला पुरेशी होती.

२०२० आणि २०२१ मध्ये कोरोनामुळे पायी वारी झाली नाही; पादुका एसटी बसने पंढरपूरला नेण्यात आल्या. ज्या वर्षांत रोगाचे भय सर्वाधिक होते, त्याच वर्षांत भक्तांना रस्त्यावर येता आले नाही. वारकऱ्यांनी तेही मानले आणि घरीच टाळ हाती घेतले. २०२२ मध्ये पालखी पुन्हा पायी निघाली आणि काटेवाडीत मेंढ्या पुन्हा रथाभोवती धावल्या.