‘व्हॅलिडिटी काढणे’ हे एक काम नव्हे

मूल अकरावी सायन्सला गेलं की आमच्या बिलोलीत अनेक घरांतल्या मोबाईलवर एक ओळ दिसू लागते : ‘व्हॅलिडिटी काढणे’. कुणी ती गूगल टास्क्समध्ये लिहितं, कुणी मायक्रोसॉफ्ट टू-डूमध्ये. महिने उलटतात, ओळ तिथेच. मोबाईल आठवण देतो, अब्बा ती बाजूला सारतात. यात आळस कमी असतो. उद्या सकाळी उठून नेमकं कुठं जायचं, हे त्या ओळीत लिहिलेलंच नसतं.

मदरशात हिफ्ज करणाऱ्या मुलाला कुणी ‘कुरआन पाठ कर’ एवढंच सांगून सोडत नाही. आजचा सबक ठरलेला, कालपरवाचा ऐकवायचा, जुन्याची उजळणी वेगळी. तीस पाऱ्यांचं ओझं मुलाच्या डोक्यावर एकदम कधी येतच नाही. सरकारी कागदांच्या बाबतीत मात्र आपण हे विसरतो.

गूगल टास्क्समध्ये कामाखाली पोटकामं जोडता येतात आणि प्रत्येकाला वेगळी तारीख देता येते. टू-डूमध्ये त्यांना ‘स्टेप्स’ म्हणतात, पण तिथे पायरीला स्वतःची तारीख नसते. कागदपत्रांसाठी म्हणून मी पहिलं सुचवते. दोन्ही फुकट आहेत.

आता पोटकामं कोणती? बागवान, अत्तार, मोमीन, पिंजारी, मण्यार अशा ओबीसी घरांना 13 ऑक्टोबर 1967 पूर्वीचा पुरावा लागतो. ‘पुरावा शोधणे’ असं लिहिलंत तर पुन्हा तीच गत. लिहा : ‘दादाजान कोणत्या गावच्या शाळेत होते, हे फुफीला विचारणे’. हे पाच मिनिटांचं, एका फोनचं काम आहे. पुढचं : ‘त्या शाळेत जाऊन दाखल-खारीज रजिस्टर पाहणे’. मग नकलेचा अर्ज. दादाजान शाळेत गेलेच नसतील तर त्यांचे भाऊ, बहिणी. नातं बापाकडचं आणि रक्ताचं हवं. म्हणजे पहिल्या उत्तरावर दुसरी पायरी ठरते. सगळी यादी पहिल्याच दिवशी पूर्ण करू नका, दोन-तीन पायऱ्या पुढचं दिसलं तरी पुरे.

मराठवाड्यात आणखी एक गाठ आहे. निजामाच्या काळातल्या नोंदी बऱ्याचदा उर्दूत आणि फसली सनात असतात. 1350 फसली वाचून लोक घाबरतात. त्यात 590 मिळवा, म्हणजे 1940-41 येतं. मराठा-कुणबी नोंदींसाठी 2023 मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली, तेव्हा हीच जुनी दप्तरं पुन्हा उघडली गेली. आमच्या घरांनी ती त्याआधीही चाळलेली आहेत. उर्दू वाचणारं माणूस शोधून मराठी भाषांतर करून घेणं, ही स्वतंत्र पायरी म्हणून लिहा.

आणि कधी कधी नोंद सापडते, पण कौमच्या रकान्यात नुसतं ‘मुसलमान’. शाळेत अशी नोंद माझ्यापुढे आली की समोरच्या बापाचा चेहरा उतरतो. एकच मोठी ओळ असती तर काम इथेच संपलं, असं वाटलं असतं. यादीत मात्र एक पायरी अडली एवढंच झालेलं असतं. तिच्याखाली ‘तहसीलमध्ये खासरा पाहणी पत्रक पाहणे’ आणि ‘चुलत दादांच्या शाळेची चौकशी’ लिहिता येतं.

वाट पाहणंही यादीत हवं. नकलेचा अर्ज दिला की टिक करून मोकळं होऊ नका. ‘नक्कल आली का, विचारणे’ असं लिहून आठ दिवसांनंतरची तारीख टाका. कागद अडतात ते अशाच फटीत. उलट ‘ऑटो पकडणे’, ‘पिशवी घेणे’ इतके बारीक तुकडे करणारेही मी पाहिलेत. त्यांचा दिवस यादी करण्यातच जातो.

पुढची वाट तशी सरळ आहे : उपविभागीय अधिकाऱ्यांचं जातप्रमाणपत्र, वंशावळीचं शपथपत्र, कॉलेजचं पत्र, ऑनलाईन अर्ज, मग त्याची प्रत घेऊन नांदेडची समिती. फक्त नावाचं स्पेलिंग सगळीकडे जुळतंय का, हे ऑनलाईन अर्ज भरण्याआधी बसून पाहा. ‘शेख’ आणि ‘शे.’ यांनी कितीतरी घरांना नांदेडच्या फेऱ्या घालायला लावल्यात.

यादी एका मोबाईलवर अडकवू नका. अम्मीकडे एक-दोन पायऱ्या द्या. फुफीला फोन करणं तिला अब्बांपेक्षा चांगलं जमतं. थोरलीचं प्रमाणपत्र आलं तरी यादी पुसू नका. धाकट्याच्या वेळी तिचं प्रमाणपत्रच मोठा पुरावा ठरतं, आणि वरच्या बऱ्याच ओळींना हात लावावा लागत नाही.