दाभोळ ते गोवळकोट : बंद पडलेली पाण्याची वाट

येत्या-जात्या माणसाला सांगितलं तर खरं वाटत नाही, पण आमची खाडी हा राष्ट्रीय जलमार्ग आहे. २०१६च्या कायद्यानं देशातल्या १११ जलमार्गांना तो दर्जा मिळाला, त्यात दाभोळ खाडी-वाशिष्ठी नदीचा क्रमांक २८. लांबी ४५ किलोमीटर, दाभोळच्या समुद्रापासून चिपळूणजवळ पेढ्याच्या पुलापर्यंत. तो कायदा लागू झाला त्या एप्रिलला आता दहा वर्षं झाली. दहा वर्षांत या जलमार्गानं दाभोळचा एक उतारू नेमानं चिपळूणला गेलेला मी पाहिला नाही. आणि याच उन्हाळ्यात खाडीच्या चिखलात कलंडून पडलेली जुनी लाकडी लाँच भंगारवाल्यानं फोडून नेली. इंजिन कधीच गेलं होतं, उरलं होतं सागाचं अंग. तेही टेम्पोत भरून गेलं. तेव्हापासून मन थाऱ्यावर नाही, म्हणून हे लिहितोय.

दाभोळचा इतिहास सांगायला लागलं की लोक बहामनी काळापासून सुरुवात करतात. अफनासी निकितीन हा रशियन व्यापारी पंधराव्या शतकात परतीच्या वाटेवर इथूनच जहाजात चढला. १५०८च्या अखेरीस पोर्तुगीज अल्मेदानं हे बंदर जाळलं. आदिलशाहीनंतर शिवाजी महाराज, आंग्रे, पेशवे, इंग्रज. या सगळ्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत. बॉम्बे स्टीम कंपनीच्या आगबोटींचा काळही माझ्या आजोबा-वडिलांचा. बोट खाडीच्या तोंडाशी थांबायची, पडाव तिला जाऊन भिडायचे, उतारू आणि बोचकी त्यात उतरायची आणि दाभोळहून पुढे लाँच चिपळूणजवळच्या गोवळकोटला निघायची. मी पाहिली ती त्या वाटेची शेवटची दहा वर्षं, साधारण १९७५ ते १९८५. मला बोलायचंय ते त्यांच्याबद्दल.

आमच्या घरची माणसं लाँचवर खलाशी होती आणि शाळेला सुट्टी लागली की मीही. तांडेल, म्हणजे लाँचचे प्रमुख, दाभोळच्या मोहल्ल्यातले. त्यांना सगळी खाडी चाचा म्हणायची. चाचांकडे घड्याळ होतं, पण ते विचारायचे तिथी. तिथीची पाऊणपट करायची, तो पूर्ण भरतीचा तास. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. त्यातून मागं मोजत यायचं आणि पाणी चढायला लागलं की नांगर उचलायचा. भरती तोंडातून आत शिरते, पण गोवळकोटपर्यंत पोचायला तिला बराच वेळ लागतो. म्हणजे वेळेवर निघालेल्या लाँचला चढतं पाणी सोबत करत राहतं, डिझेल निम्मं लागतं. अर्धा तास उशीर झाला तर करंबवण्याच्या आसपास सुकती, म्हणजे ओहोटी, समोरून येऊन भिडते आणि इंजिन नुसतं ओरडत राहतं. भांगाच्या, म्हणजे लहान भरतीच्या, दिवसांत पाणी कमी, म्हणून माल कमी घ्यायचा. उधाणाला ओढ जास्त, म्हणून वळणावर सुकाणू आधी टाकायचं. हे कुणी पाठ करून घेतलं नाही. चाचा म्हणायचे, "पोरा, पाणी बघ, माझ्याकडे नको बघू."

पाणी बघणं म्हणजे तळ बघणं. दर पावसाळ्यात वाशिष्ठी आणि जगबुडी डोंगर खरवडून गाळ आणत आणि वाळूच्या पट्ट्या जागा बदलत. दसऱ्याच्या सुमाराला पहिली फेरी करायची ती रिकाम्या लाँचनं, पुढे होडीत एक माणूस बांबू घेऊन. जिथं खोली मिळेल तिथं काठाला खूण रोवायची. भोपण, परचुरी, मालदोली, करंबवणे अशा गावांच्या धक्क्यांवर लोक उभे असत. दाभोळहून चिपळूणला रस्त्यानं जायचं तर दापोली-खेड असा वळसा, अंतर जवळपास दुप्पट. म्हणून गरोदर बाई, तालुक्याच्या कोर्टाची तारीख असलेला म्हातारा, आंब्याच्या पेट्या, मंगळुरी कौलं, परीक्षेला निघालेली पोरं, सगळं पाण्यानं. काठावर सुसरी ऊन खात पडलेल्या असत. आज त्याच बघायला चिपळूणला पर्यटक होडीत बसतात, याचा मला आनंद आहे.

लाँच चालवण्यापेक्षा सांभाळणं मोठं काम. खाऱ्या पाण्यात लाकूड पोखरणारी एक अळी असते. बाहेरून फळी धडधाकट दिसते आणि आत बोट जाईल एवढी भोकं. तिला गोडं पाणी सोसत नाही. म्हणून जुने लोक लाँच वरचेवर गोवळकोटला काही दिवस उभी ठेवत. कोयनेचं पाणी पोफळीहून वाशिष्ठीत सुटायला लागल्यावर वर बारा महिने गोडं पाणी आलं आणि हे काम सोपं झालं. धरणाचे तोटे मला माहीत आहेत, पण हा एक फायदा त्या दहा वर्षांत आम्ही रोज वापरला.

मे महिन्यातल्या पौर्णिमेच्या उधाणाला लाँच काठावर घ्यायची. पाणी सर्वांत वर चढतं तेव्हा दोर लावून सगळी वाडी ओढायला यायची. खाली ओंडके सरकवायचे, पाणी ओसरलं की ती कोरडी. मग खवले, शेवाळ खरवडायचं. फळ्यांच्या सांध्यांत तेलात भिजवलेली कापसाची वात ठोकून बसवायची. फार ठोकली तर फळी फाकते, कमी ठोकली तर गळते. हा हात यायला वर्षं लागत. वर राळ, मग बुडाला चुना आणि तेल एकत्र घोटून लेप. सुकाणूच्या लोखंडाजवळ जस्ताचे तुकडे बसवायचे, म्हणजे खारं पाणी आधी जस्त खातं. पंख्याचा दांडा जिथून बाहेर जातो तिथल्या ग्लँडमध्ये चरबीत बुडवलेली दोरी भरायची. चालत्या लाँचमध्ये तिथून थेंब थेंब पाणी पडलंच पाहिजे, कारण अगदी कोरडी आवळली तर दांडा तापून जळतो. मग वरून नारळाच्या झापांचं छप्पर करून पावसाळाभर तिला शाकारून ठेवायचं. नारळी पौर्णिमेला पूजा, आणि त्यानंतर पुन्हा पाणी.

त्या दशकाच्या शेवटी ही वाट मेली. "रस्ता झाला म्हणून लाँच बंद पडली," हे वाक्य मी चाळीस वर्षं ऐकतोय आणि ते मला मान्य नाही. रस्ता झाला हे चांगलंच झालं. पण धक्क्यांची पायरी तुटली ती रस्त्यानं तोडली नाही. तळ वर आला तो डांबरानं आणला नाही. डोंगर बोडके केले, त्यांची माती खाडीत आली. गाळ काढा, खुणा लावा, असे अर्ज घेऊन आम्ही एका कार्यालयाचे उंबरठे झिजवले. "आता पाण्यानं कोण जातं?" असं तिथल्या खुर्चीनं आम्हाला विचारलं, आणि त्याच दिवशी खाली धक्क्यावर भरलेली लाँच उभी होती. मग सक्शन पंप आले. वाळू उपसणाऱ्यांनी बांधकामाची वाळू नेली, गाळ तिथंच ठेवला, काठ ढासळवले. लोटे गावच्या कारखान्यांचं सांडपाणी करंबवण्याकडे उतरलं आणि मेलेली मासळी तरंगायला लागली. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीला मुंबई-गोवा बोटही थांबली.

नव्वदचं दशक मी थोडक्यात उरकतो. तेव्हा जगभरच्या वर्तमानपत्रांत दाभोळचं नाव छापून येत होतं ते एन्रॉनमुळे. प्रकल्प उभा राहिला खाडीपलीकडे, अंजनवेल-वेलदूर-रानवीला. १९९९ला वीज आली, २००१ला बंद पडली. पुढे कंपनी बदलली, गॅसची जहाजं आली. त्या दहा वर्षांत अब्जावधींचे हिशेब मांडले गेले, खाडीच्या खोलीचा हिशेब कुणी मांडला नाही. खरं काम झालं ते २००३मध्ये, दाभोळच्याच माणसांनी सुवर्णदुर्ग शिपिंगची दाभोळ-धोपावे फेरीबोट सुरू केली तेव्हा. गाड्या-माणसं घेऊन ती अखंड चालते, गावाचं पोट तिच्यावर आहे, मी तिच्यात बसतो आणि तिचा अभिमान बाळगतो. पण ती खाडी ओलांडते. वर, चिपळूणकडे, कुणी जात नाही.

इंग्लंडातल्या कालव्यांबद्दल वाचताना मला राग येतो तो यामुळेच. सात फूट रुंदीच्या अरुंद बोटी, अठराव्या शतकात कोळसा वाहायला खोदलेले कालवे. रेल्वे आणि ट्रक आल्यावर तेही मेलेच होते. १९४४ला एल. टी. सी. रोल्टनं त्या बोटींतल्या जगण्यावर पुस्तक लिहिलं, १९४६ला लोकांनी संस्था काढली, स्वतः चिखलात उतरून कालवे उपसले. आज सुमारे दोन हजार मैल पाणी एक धर्मादाय संस्था सांभाळते आणि हजारो कुटुंबं त्या बोटी राखतात, काही त्यांत कायम राहतात. टेम्स, सेव्हर्न, ट्रेंटच्या भरतीच्या पट्ट्यात शिरायचं असेल तर नांगर, रेडिओ, भरतीचं कोष्टक घेऊनच शिरतात. आमच्या चाचांनी त्यांना पाण्याबद्दल चार गोष्टी शिकवल्या असत्या. त्यांचा व्यापार परत आला नाही, तरी वाट राहिली, कारण वाट ही सांभाळायची गोष्ट आहे हे त्यांनी ठरवलं.

आमच्याकडे गाळाची आठवण झाली २२ जुलै २०२१ला, चिपळूण बुडालं तेव्हा. माणसं गेली, बाजारपेठ उद्ध्वस्त झाली. चिपळूणकरांनी उपोषणं केली, तेव्हा कुठं वाशिष्ठीत पोकलेन उतरले. तो गाळ निघाला याचं मला समाधान आहे. पण तो निघाला शहराजवळ. तिथून खाली समुद्रापर्यंतचा तळ जसा आहे तसाच आहे, आणि पुराचं पाणी उतरायचं तेही याच वाटेनं. लाँचसाठी खोली राखली असती तर ती खोली पुराच्याही कामी आली असती. हे आम्ही चाळीस वर्षांपूर्वीच्या अर्जात लिहिलं होतं.

आता सागरी महामार्गाच्या पुलांची चर्चा आहे. पूल व्हावेत. मात्र त्यांच्या खांबांमधून लाँच जाईल एवढी वाट आणि उंची आत्ताच आराखड्यात धरायला हवी, नंतर ती कापून काढता येत नाही. पाच गावांना धक्के, वळणांवर खुणा आणि तिथीप्रमाणे वेळ ठरलेली दिवसाला एक लाँच, एवढ्यानं सुरुवात होते. खाडीचा तळ तोंडपाठ असलेले तांडेल दाभोळ-वेलदूरला अजून दोन-तीन आहेत, सगळे पंच्याहत्तरीच्या पुढचे. दसऱ्यानंतरच्या पहिल्या उधाणाला मी त्यांना होडीत घेऊन गोवळकोटपर्यंत जाणार आहे. ते सांगतील तिथं बांबू घालून खोली मोजायची, गावागणिक वहीत उतरवायची. त्या वहीच्या प्रती चिपळूण, गुहागर, दापोली आणि खेड या चारही तालुक्यांच्या कचेऱ्यांत मी स्वतः नेऊन देणार आहे.