कान आधी का करपतात?

मुलांचं ताट : भाग 6

मागच्या भागात पिठाला पालक, बीट, हळदीचा रंग कसा द्यायचा ते पाहिलं. या वेळी आकार.

कोल्हापूरच्या बाजूला पिठाला आकार देणं नवं नाही. नवरात्रात कडाकण्या होतात तेव्हा गोल पुऱ्यांबरोबर देवीसाठी वेणी-फणीही करतात. बेंदराला बैलाच्या शिंगात कडबोळं अडकवतात. आणि कुठलाही सण नसताना, शेवटची चपाती झाली की उरलेल्या कणकेची चिमणी करायची, तव्याच्या कडेला भाजायची आणि पोराच्या हातात द्यायची, ही तर घरोघरची रीत. मोबाइलवर दिसणारे जपानी ‘क्याराबेन’ डबे, त्यातली भाताची अस्वलं, सुरेख असतात. पण कागल पंचतारांकित एमआयडीसीत पहिल्या पाळीला जाणाऱ्या आईबापांना सकाळी तेवढी उसंत कुठली? त्यांच्यासाठी मला चिमणीच बरी वाटते. त्याच कणकेत, त्याच तव्यावर होते.

ती करताना अडचण एकच येते. चोच आणि शेपटी करपते, पोट कच्चं राहतं. फौंड्रीत काम करणाऱ्याला याचं कारण लगेच कळेल. ओतकामात जॉबचा पातळ भाग आधी थिजतो, जाड भाग मागाहून. तव्यावर थिजण्याच्या जागी तापणं असतं, एवढाच फरक. पातळ भागातलं पाणी आधी उडतं आणि तो करपतो. म्हणून चिमणी गोळ्याची करू नका. कणीक सगळीकडे सारखी, साधारण अर्धा सेंटिमीटर जाड थापा आणि तिच्यातूनच सुरीनं अंग, चोच, शेपटी कापा. मान बारीक नको. पंखापाशी टोकदार खाच नको, गोलाई ठेवा. ओतीव जॉबलाही चीर जाते ती अशा धारदार कोपऱ्यातूनच. आच मंद, वर झाकण. कणीक मळून वीस मिनिटं झाकून ठेवायला विसरू नका, नाहीतर गव्हातलं ग्लुटेन ताणलेलं राहतं आणि कापलेली चिमणी आक्रसते.

ज्वारी-नाचणीत ग्लुटेन नसतं, म्हणून त्यांचे आकार तडकतात. उकळत्या पाण्यात पीठ घालून उकड काढली की त्यातला स्टार्च फुगून चिकट होतो. पीठ जुनं होऊन त्याची विरी गेली असेल तरी हाच उपाय. नाचणीच्या उकडीचा लिंबाएवढा गोळा घ्या, तेलाच्या हातानं एक टोक निमुळतं करा, दोन कान चिमटीनं ओढून काढा : उंदीर झाला. पाठीवर कात्रीच्या टोकानं बारीक काप दिले की काटे उभे राहतात आणि त्याचंच साळिंदर होतं. मोदकपात्रात 10 ते 12 मिनिटं वाफवा. मोदकपात्रातली वाफ 100 अंशांच्या वर जात नाही, त्यामुळे इथे कान करपत नाहीत आणि अंग गुबगुबीत ठेवता येतं.

डोळ्यांसाठी लवंग किंवा मिरी लावू नका, टूथपिकही टोचू नका. पाच वर्षांखालच्या मुलाच्या घशात अख्खा शेंगदाणा, अख्खं द्राक्ष अडकू शकतं, तसंच हे. कारळे किंवा काळे तीळ पुरेत.

आता मूल खाईल का? अमेरिकी मानसशास्त्रज्ञ लिअन बर्च आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1987 मध्ये लहान मुलांबरोबरचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही नवे पदार्थ मुलांना नुसते दाखवले, काही चाखायला दिले. दाखवलेले दिसायला आवडू लागले, पण चवीला आवडू लागले ते चाखलेलेच, आणि तेही अनेकदा चाखल्यावर. उंदराच्या आकारामुळे मुलाचा हात पुढे येईल, एवढंच त्याचं काम. नाचणी आवडायला तो उंदीर पुन्हा पुन्हा डब्यात जायला हवा. म्हणून छोटाच करा, म्हणजे परत आला तरी जीव चुटपुटणार नाही. ‘उंदीर खाल्लास तर चॉकलेट’ असा सौदा मात्र करू नका. चॉकलेटचाच भाव वाढतो.

सुट्टीच्या दिवशी उकडीचा गोळा मुलाच्याच हातात द्या. सोंड तुटेल, पाय बसतील. दुरुस्त करायला जाऊ नका, तसाच वाफवा, आणि प्राणी कोणता ते त्यालाच सांगू द्या.

पुढच्या भागात : सकाळी भरलेला डबा दुपारपर्यंत बंद राहतो, तेव्हा आत काय होतं.