लिहून घेणार, वय वर्षे ५५

दुय्यम निबंधक कार्यालयात हिचा अंगठा यंत्रावर उमटेना. टेबलामागच्या मुलाने आधी ओल्या फडक्याने, मग कोरड्या फडक्याने पुसायला सांगितले. "काकी, जरा दाबून धरा." तिसऱ्या खेपेला पडद्यावर पुसट रेघा दिसल्या आणि अष्टमीतल्या दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि हातभर गॅलरी आमची झाली. दस्ताच्या पहिल्या पानावर मजकूर होता : लिहून घेणार, वय वर्षे ५५, व्यवसाय गृहिणी. खाली सही करताना ही म्हणाली, "अहो, पंचावन्न आकड्यांत लिहिलंय ते ठीक, अक्षरी नको होतं."

मी तेव्हा ५९ वर्षांचा होतो. जिल्हा परिषदेच्या शाळांत नोकरी झाली. पेण, सुधागड, रोहा अशा बदल्या होत गेल्या आणि अखेरची एकवीस वर्षे आम्ही अष्टमीतच भाड्याने राहिलो. कुंडलिकेच्या एका काठाला रोहा, दुसऱ्या काठाला अष्टमी. नगरपरिषद दोघांची मिळून एक. धाटावच्या कारखान्यांमुळे इथे बाहेरून आलेले भाडेकरू भरपूर, त्यामुळे इतकी वर्षे भाड्याने राहतो याचे कुणाला नवल वाटले नाही. आम्हालाही वाटले नाही. घर घ्यायला इतका उशीर का झाला, हा प्रश्न मला घर घेतल्यावर पडला, आणि उत्तर शोधताना तो माझ्या एकट्याचा नाही हे कळत गेले.

उशिराचे पहिले कारण गरिबी असेल अशी माझी समजूत होती. हिशेब मांडून पाहिला तर तसे दिसेना. माझ्याबरोबर लागलेल्या दोघा शिक्षकांनी पस्तिशीतच शासनाचे घरबांधणी अग्रिम घेऊन पेणला घरे बांधली. पगार तिघांचा सारखाच होता. मी अर्जच केला नाही, कारण विचारणाऱ्या प्रत्येकाला माझे एक ठरलेले उत्तर असे : "गावी घर आहे ना."

कोकणातल्या माणसाच्या तोंडचे हे वाक्य मोठे फसवे आहे. घर असते, पण ते कुणाचे असते? आमचे कौलारू घर पणजोबांनी बांधलेले. ग्रामपंचायतीच्या आकारणी नोंदवहीत, म्हणजे नमुना ८ मध्ये, अजून आजोबांचे नाव आहे. ही नोंद कर वसुलीसाठी असते. तिच्यावरून मालकी सिद्ध होत नाही. सातबाऱ्यावर शेतजमीन दिसते, गावठाणातले घर दिसत नाही. गावठाणातल्या घरांना मिळकत पत्रिका मिळावी म्हणून ड्रोनने मोजणी करणारी स्वामित्व योजना केंद्राने २४ एप्रिल २०२० रोजी सुरू केली. त्याआधी पिढ्यान्‌पिढ्या नमुना ८ आणि गावाची आठवण याच दोन गोष्टींवर भागत होते. आजोबांच्या वारसांची यादी मी एकदा केली तर अकरा नावे भरली. त्यांतले चौघे मुंबईत, एक बडोद्याला. हिस्सा प्रत्येकाचा आणि राहता कोणीच नाही.

अशा हिश्श्यावर बँक कर्ज देत नाही, तो एकट्याने विकता येणे अवघड, आणि दुरुस्तीला पैसे घालावेत तर "तुझा काय डाव आहे" अशी शंका. तरी तो हिस्सा मनात घर म्हणून उभा असतो आणि दुसरे घर घेऊ देत नाही. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले. आमच्या गावच्या घराची पडवीवरची कौले आणि मधला वासा गेला. फोनवर अकरा जणांत चर्चा झाली, हळहळ झाली, वर्गणीचा आकडाही ठरला. जमले तिघांचे. त्या पावसाळ्यात माजघरातली भिंत बसली. ती पाहून परत येताना बसमध्ये ही एवढेच म्हणाली, "आता तरी बघायचं का?"

मुंबईला गेलेल्यांचा उशीर वेगळ्या वाटेने आला. तिथे आडवा आला तो भाडेकायदा, तोही चांगल्या हेतूने केलेला. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने प्रमाणभाडे ठरवताना १ सप्टेंबर १९४० ची पातळी आधार धरली. भाडेकरूला संरक्षण मिळाले, ते हवेच होते. पण भाडे जागच्या जागी राहिले आणि घरांच्या किमती मात्र चढत गेल्या. दहा बाय बाराच्या खोलीचे भाडे पानसुपारीइतके असताना ती सोडून कर्ज कोण काढणार? खोली पागडीची, म्हणजे अर्धी आपली अर्धी मालकाची. गावचे घर अकरांतले एक, मुंबईची खोली अर्धी. माझ्या मामाच्या आयुष्याचा हिशेब असा होता, आणि त्याच्या वयाच्या कितीतरी चाकरमान्यांचा असाच असणार.

मामा गिरणीत होता. १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला तेव्हा तो बत्तीस वर्षांचा होता. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले, बहुतेकांना गिरणी पुन्हा दिसली नाही. पुढे १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या नियम ५८ ने गिरण्यांच्या जमिनींची वाटणी ठरवली. २००१ मध्ये त्यात बदल झाला आणि वाटणी फक्त मोकळ्या जागेपुरती उरली. जो काही वाटा गृहनिर्माणासाठी मिळाला त्यावर म्हाडाने घरे बांधली. कामगारांसाठीची पहिली सोडत निघाली २८ जून २०१२ रोजी, ६,९२५ घरांची. एकेक घर २२५ चौरस फुटांचे, किंमत साडेसात लाख. संपाच्या दिवशी तिशीत असलेला माणूस तेव्हा साठीला आला होता, आणि आयुष्यातले पहिले घर विकत घेण्यासाठी त्याला आता साडेसात लाख उभे करायचे होते. कर्ज द्यायचे तर मुलाच्या नावाने, कारण बापाला मिळकतीचा दाखला नाही. २०१६ मध्ये आपल्या जिल्ह्यातल्या पनवेलजवळ कोन इथल्या घरांची सोडत निघाली, १६० फुटांच्या दोन खोल्या जोडून केलेली ३२० फुटांची घरे, सहा लाखांत. १ मार्च २०२० ला आणखी ३,८९४ निघाली. अर्ज मात्र पावणेदोन लाखांच्या घरात आलेले. सगळ्या सोडतींची बेरीज अर्जांच्या शेजारी ठेवली की रांगेची लांबी कळते.

अर्जासाठी १ जानेवारी १९८२ रोजी किंवा त्यानंतर गिरणीच्या हजेरीपटावर असल्याचा पुरावा लागे. मामाने तिकीट क्रमांकाचे पितळी बिल्ले, पगाराच्या चिठ्ठ्या, विम्याचे कार्ड असे सगळे एका बिस्किटांच्या डब्यात जपले होते. प्रत्येक सोडतीच्या आदल्या रात्री तो डबा उघडून बसे. २०१८ मध्ये तो गेला. वारसांना हक्क आहे, तेव्हा अर्ज अजून जिवंत आहे. डबा आता मामेबहिणीकडे आहे.

आता कर्जाविषयी. घरासाठी लांब मुदतीचे कर्ज सामान्य नोकरदाराला मिळू शकते ही कल्पनाच आपल्याकडे तशी नवी. १९१५ मध्ये मुंबईच्या गावदेवीत सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था उभी राहिली. पण संस्थेत जमण्यासाठी जात, ओळख किंवा बऱ्यापैकी पगार यांतले काहीतरी लागे. बाकीच्यांनी घर घ्यायचे ते निवृत्तीनंतर, फंडाच्या पैशातून. म्हणजे उशिरा घर घेणे ही आमच्या आजोबांच्या पिढीतली रीतच होती. तरुणपणी कर्ज काढून घेणे ही नंतरची गोष्ट. १९७७ मध्ये हसमुखभाई पारेख यांनी एचडीएफसी स्थापन केली आणि ते बदलू लागले. पारेखांचा जन्म १९११ चा. तीस वर्षांच्या माणसाला घर मिळावे म्हणून ही धडपड करणारा गृहस्थ स्वतः ६६ वर्षांचा होता, हे मला फार आवडते.

उतारवयात कर्ज मागायला गेले की वय मोजले जाते ते पुढून. बहुतेक बँका हप्ते सत्तरीच्या आसपास, कुठे पंचाहत्तरीपर्यंत संपवायला सांगतात. साठाव्या वर्षी दहा-बारा वर्षे हाती उरतात. दहा लाखांचे कर्ज, नऊ टक्के व्याज धरा. वीस वर्षांत फेडले तर हप्ता साधारण ९,००० रुपये आणि एकूण व्याज साडेअकरा लाखांहून थोडे अधिक. दहा वर्षांत फेडले तर हप्ता १२,६७० च्या आसपास, पण व्याज जेमतेम सव्वापाच लाख. हप्ता जड, घर स्वस्त. हे गणित मी सातवीच्या वर्गाला चक्रवाढ व्याज शिकवताना कितीदा फळ्यावर सोडवले असेल; स्वतःसाठी कधी मांडले नव्हते.

खरी जोखीम हप्त्यात नसून हातच्या शिलकीत आहे. निवृत्तिवेतनाच्या चाळीस टक्क्यांपर्यंत भाग विकून, म्हणजे अंशराशीकरण करून, एकरकमी पैसे घेता येतात; विकलेला भाग पंधरा वर्षांनी पुन्हा सुरू होतो. मी ते केले. म्हणजे वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षापर्यंत मला निवृत्तिवेतन कमी मिळणार. उपदान मात्र घरात घातले नाही. त्यावर मुलगा नाराज झाला, "बाबा, तेवढं घातलं असतं तर कर्जच नको होतं." त्याचे गणित बरोबर होते, पण गुडघ्याची शस्त्रक्रिया भिंत विकून होत नाही.

घर निवडताना वयाचा उपयोगही होतो. बांधकाम चालू असलेल्या इमारतीत दर कमी होता. महारेरामुळे २०१७ पासून बिल्डरला ग्राहकांच्या पैशांपैकी सत्तर टक्के वेगळ्या खात्यात ठेवावे लागतात, करार नोंदवल्याशिवाय दहा टक्क्यांहून अधिक घेता येत नाहीत. मोठा आधार आहे हा. पण ताबा दोन वर्षे लांबला तर तिशीतल्या माणसाचे पैसे अडकतात, आमची दोन वर्षे जातात. म्हणून भोगवटा प्रमाणपत्र मिळालेलीच इमारत बघायची, असे ठरवले. आणि घरे बघितली ती जुलैत. दलाल म्हणत होता, दिवाळीनंतर या, निवांत दाखवतो. कोकणातले घर दिवाळीनंतर सगळेच चांगले दिसते. जुलैत पश्चिमेच्या भिंतीला हात लावला की ओल कळते, जिन्यात पाणी कुठून येते ते दिसते, आणि नदी भरल्यावर कुठपर्यंत चढली होती हे शेजारची म्हातारी न विचारता सांगते. तिसऱ्या मजल्यावरचा प्रशस्त फ्लॅट हिला आवडला होता. लिफ्ट नव्हती. दोन वेळा चढून-उतरून ती खाली दगडावर बसली आणि तो विषय मिटला. घेतला तो पहिला मजला, खाली वाहनतळ असलेला.

राहिला प्रश्न नावाचा. एप्रिल २०२१ पासून महाराष्ट्रात केवळ स्त्रीच्या नावे निवासी घर घेतले तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते. पतीचे नाव जोडले की सवलत गेली. चोवीस लाखांवर चोवीस हजार रुपये. आम्ही २०२२ मध्ये दस्त केला तेव्हा अशी अटही होती की पंधरा वर्षे ते घर पुरुषाला विकता येणार नाही. ती पुढे २०२३ मध्ये काढली. मी चोवीस हजारांचा विचार करून म्हटले, तुझ्याच नावावर घेऊ. ही बराच वेळ गप्प राहिली. तीस वर्षांत पाच घरमालक झाले, पाचांनीही भाडेपावती माझ्या नावाने फाडली, आणि प्रत्येक घर सोडताना भिंतीतले खिळे काढून भोके चुन्याने बुजवली ती हिने. मग तिने विचारले, "सवलत नसती तर?" मला पटकन उत्तर सुचले नाही, आणि ते तिला दिसले.

एवढ्या उशिरा घेतलेल्या घराचे पुढे काय, याचीही सोय लगेच करावी लागते. सोसायटीत नामनिर्देशन केले म्हणजे काम झाले असे पुष्कळांना वाटते. नामनिर्देशित व्यक्ती वारसांच्या वतीने सांभाळणारी असते, मालक होत नाही. इच्छापत्राला मुद्रांक लागत नाही, नोंदणीची सक्ती नाही, दोन साक्षीदारांच्या सह्या मात्र हव्यातच. अकरा नावांचे घर पाहिलेल्या माणसाला हे पटवून द्यावे लागत नाही. गृहप्रवेशानंतर तिसऱ्याच आठवड्यात हिने इच्छापत्र लिहिले, माझ्या शुद्धलेखनाच्या दुरुस्त्या न मानता.

दारावरची पाटी रंगाऱ्याने माझ्या नावाची करून आणली. सांगणारा मीच होतो, सवयीने तेच नाव सांगून बसलो होतो. पाटी परत गेली, आठ दिवसांनी नवी आली. ठोकायला खिळा लागला तेव्हा हातोडी हिने घेतली.