औषधाचं कूळ विचारू नये

पाळी जायच्या सुमारास अंगातून वाफा निघायला लागल्या, रात्री घामाने उशी भिजायला लागली, की सल्ला ठरलेला असतो: हार्मोनच्या गोळ्यांच्या नादी लागू नकोस, शतावरी घे, सोयाबीन खा, नैसर्गिक ते बरं. गोळी म्हणजे कारखान्यातलं रसायन आणि वनस्पती म्हणजे निरुपद्रवी, असं त्यात धरून चाललेलं असतं. ही विभागणी जागच्या जागी कोसळते. अमेरिकेत अनेक दशकं भरपूर खपलेली प्रीमॅरिन ही इस्ट्रोजेनची गोळी गाभण घोडींच्या मूत्रातून काढतात. याहून नैसर्गिक काय असणार! उलट रसेल मार्कर या रसायनशास्त्रज्ञाने 1940 च्या दशकात कोनफळाच्या कुळातल्या मेक्सिकन कंदातलं डायोस्जेनिन हे द्रव्य घेऊन त्यापासून प्रोजेस्टेरॉन हे हार्मोन बनवलं. हेच डायोस्जेनिन आपल्या मेथीतही असतं. त्यामुळे मेथी किंवा रानकंदाचं मलम ‘शरीरात हार्मोन तयार करतं’ असा दावा सर्रास होतो. पण मार्करने ते रूपांतर प्रयोगशाळेत, एकामागून एक रासायनिक क्रिया करून घडवलं होतं. माणसाच्या शरीराला ते जमत नाही. मेथीची भाजी खावी, चांगलीच असते. तिच्याकडून हार्मोनची अपेक्षा करू नये.

मग हार्मोनची एवढी धास्ती का? तिचं मूळ बरंचसं जुलै 2002 मध्ये आहे. ‘विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह’ या अमेरिकी अभ्यासातला इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन (प्रोजेस्टेरॉनसारखं औषध) एकत्र देण्याचा भाग तेव्हा मुदतीआधी थांबवला गेला आणि जगभर बातमी झाली की गोळ्यांनी स्तनाचा कर्करोग होतो. धोका खोटा नव्हता, पण आकडा काय होता? दर 10,000 बायकांमागे वर्षाला 8 जास्त रुग्ण. शिवाय भाग घेतलेल्या बायकांचं सरासरी वय 63 होतं, म्हणजे बहुतेकींची पाळी जाऊन बरीच वर्षं लोटलेली. गर्भाशय काढलेल्या ज्या बायकांना नुसतं इस्ट्रोजेन दिलं, त्यांच्यात तर हा कर्करोग वाढलाच नाही. आज तज्ज्ञांचं मत असं आहे की साठीच्या आत किंवा पाळी गेल्यापासून 10 वर्षांच्या आत, त्रास जास्त असलेल्या निरोगी बाईला या उपचाराचा फायदा बहुधा तोट्याहून मोठा ठरतो. स्तनाचा कर्करोग, रक्ताच्या गुठळ्या, पक्षाघात किंवा यकृताचा आजार झालेल्यांची गोष्ट वेगळी. पर्यायाची खरी गरज त्यांनाच आहे, म्हणून पर्याय पारखून घ्यायला हवेत.

इथे रास्त आक्षेप येतो: काढ्याने गुण आला असं सांगणाऱ्या इतक्या बायका काय खोटं बोलतात? मुळीच नाही. हार्मोन उपचाराच्या 24 चाचण्यांचा एकत्र आढावा 2004 मध्ये कॉक्रेन संस्थेने प्रसिद्ध केला. त्यात औषध नसलेली, दिसायला तशीच गोळी घेणाऱ्या बायकांच्या वाफाही सुमारे 58 टक्क्यांनी कमी झाल्या होत्या. हा त्रास चढतो-उतरतो, काळानुसार ओसरतो, आणि उपचाराच्या भरवशानेही उतार पडतो. म्हणून ‘मला बरं वाटलं’ एवढ्यावर कुठलंच औषध पास होत नाही, हार्मोनसुद्धा नाही. बनावट गोळीपेक्षा ते किती सरस ठरलं ते पाहायचं. त्या आढाव्यात हार्मोनने बनावट गोळीच्या तुलनेत वाफा 75 टक्क्यांनी कमी केल्या. ब्लॅक कोहोश या गाजलेल्या अमेरिकी वनस्पतीच्या 16 चाचण्या 2012 मध्ये तपासल्या, तेव्हा ठोस पुरावा मिळाला नाही. यकृताला इजा झाल्याच्या नोंदी मात्र आहेत. सोयाबीनचे निष्कर्ष उलटसुलट आहेत. त्याचं एक कारण असं की सोयाबीनमधल्या घटकापासून इक्वॉल हे प्रभावी द्रव्य बनवणारे आतड्यातले जिवाणू प्रत्येकीकडे नसतात. शतावरी पिढ्यान्‌पिढ्या वापरात आहे खरी, पण परंपरेतला तिचा मान मुख्यतः बाळंतिणीच्या दुधासाठी. पाळी गेल्यावरच्या वाफांवर तिच्या मोठ्या, काटेकोर चाचण्या झालेल्या नाहीत. अश्वगंधेनेही काहींच्या यकृताला अपाय झाल्याचं नोंदलं गेलं आहे. तेव्हा बाटली आयुर्वेदिक असली तरी डॉक्टरांना दाखवावी.

हार्मोनखेरीज काहीच नाही असंही नाही. उत्तर अमेरिकेतल्या ‘मेनोपॉज सोसायटी’ने 2023 मध्ये बिगर-हार्मोन उपायांची छाननी केली. कॉग्निटिव्ह बिहेवियरल थेरपी ही मानसोपचार पद्धत, संमोहन, वजन घटवणं, नैराश्यावरची काही औषधं आणि फेझोलिनेटंट हे नवं औषध कसोटीला उतरलं. योग, व्यायाम आणि वनौषधींची पूरकं वाफांसाठी उतरली नाहीत. हाडांसाठी आणि हृदयासाठी व्यायाम अर्थातच करायचा.

आणि एका गटाला ‘नैसर्गिक पर्याय’ सुचवणं सरळसरळ अन्याय आहे. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड मजूर बायकांच्या पाहणीत 2019 मध्ये सुमारे 82 हजारांपैकी 13 हजारांहून अधिक जणींचं गर्भाशय काढलेलं आढळलं. अशा शस्त्रक्रियेत अंडाशयही गेले असतील, तर तिशी-पस्तिशीतच इस्ट्रोजेन आटतं आणि हाडं, हृदय दोन्ही धोक्यात येतात. इथे हार्मोन हे शरीरातून अवेळी गेलेल्या द्रव्याची भरपाई असतं. ते न चालण्याचं कारण नसेल, तर पाळी एरवी जाते त्या वयापर्यंत तरी ते द्यावं, असं वैद्यकीय मार्गदर्शन आहे. ती भरपाई कुठल्याही काढ्यातून होत नाही.